पुढे पाणी दिसतंय, गाडी घालायची का? (नागपुरातले अंडरब्रिज आणि बाहेरचे रपटे)

मेडिकल_चौक | बुधवार, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. काल संध्याकाळी गाडी पाण्यात घालून बंद पाडली. ते सविस्तर लिहितो. जरा लांबेल, पण तुमच्यापैकी कोणाचा तरी खर्च वाचेल.

मुलीला ट्यूशनहून आणत होतो. पाऊस थांबून वीसेक मिनिटं झाली होती. नेहमीचा रेल्वे अंडरब्रिज आला, खाली पाणी साचलेलं. माझ्यापुढे एक स्कूटरवाला दोन्ही पाय वर करून आरामात पलीकडे गेला. म्हटलं, स्कूटर जाते तर आपली गाडी का नाही जाणार? घातली. अर्ध्यात पोहोचलो तर समोरून बस आली. ती काही फार जोरात नव्हती, पण तिच्यापुढे पाण्याची जी भिंत सरकत आली ती थेट बॉनेटवर चढली. वायपर चालू असताना काचेवर दोन सेकंद काहीच दिसलं नाही. आणि इंजिन गप्प.

मी काय केलं? सेल्फ मारला. पुन्हा मारला. तिसऱ्यांदा मारला तेव्हा आतून 'ठक्' असा एकच आवाज आला आणि मग सेल्फही फिरेना. तोवर दाराच्या रबरातून पाणी आत यायला लागलं होतं. मोज्यात गार लागलं तेव्हा कळलं. मुलीने दप्तर डोक्यावर धरलं आणि मला विचारते, "बाबा, आपण बुडतोय का?" चार पोरांनी ढकलून गाडी बाहेर काढली. पैसे देऊ केले तर हसून निघून गेली.

आज वर्कशॉपमधून फोन आला. एका सिलिंडरचा कनेक्टिंग रॉड वाकलाय. खर्च ९२ हजार. विमा कंपनी (नाव लिहीत नाही) म्हणते कार्पेट, वायरिंग, सीट देऊ, इंजिन नाही. चूक माझी आहे हे कळतंय. पण पाणी किती खोल आहे हे गाडीत बसून कळावं कसं? आणि दुसरं म्हणजे पोळ्याला सासरी जायचंय, कुहीकडे. रस्त्यात एक रपटा आहे. बायको आत्तापासूनच म्हणते, मी तुमच्यासोबत बसणार नाही.

---

तर्रीपोहे | बुधवार, रात्री १०.३८

भाऊ, तुम्ही सेल्फ मारलाच काहून? एकदा बंद पडली ना, चाबी काढायची अन् खाली उतरायचं. पण तुमचंच नाही, अर्धं नागपूर हेच करते. मायावाल्या जुन्या गाडीचं बी असंच झालं होतं. फरक एवढाच, तवा मले कोणी सांगणारं नव्हतं, तुमाले बी नव्हतं. 😄

नरेंद्रनगरचा अंडरब्रिज असो नाहीतर लोहापूल, आपल्याले जूनपासून माहीत रायते का तिथं पाणी भरते. तरी दरवर्षी आपण जातोच.

---

ऑइलचा_हात | बुधवार, रात्री ११.०५

मी गॅरेजवाला आहे. वीस वर्षं हेच काम. पावसाळ्यात अशा दोन-चार गाड्या येतातच. 'ठक्' म्हणजे काय झालं ते सांगतो.

सिलिंडरमध्ये पिस्टन वर येताना हवा दाबतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. हवेच्या फिल्टरच्या नळीतून पाणी आत गेलं की पिस्टन वर यायला जागाच उरत नाही, आणि मधला रॉड वाकतो. डिझेल गाडीत दाब जास्त, पिस्टनच्या वर जागा कमी, म्हणून थोडं पाणी सुद्धा पुरतं. बऱ्याचदा इंजिन बंद पडतं तेव्हा रॉड शाबूत असतो, मोडतो तो नंतरच्या सेल्फने. तुमचा तिसऱ्या सेल्फला गेला असणार.

पहिल्याच वेळी थांबला असता तर काम सोपं होतं. पेट्रोल असेल तर प्लग काढायचे, डिझेल असेल तर इंजेक्टर किंवा ग्लो प्लग काढायचे, इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढायचं, फिल्टर बदलायचा, ऑइल बदलायचं. दिवसभराचं काम, आणि खर्चात एक शून्य कमी.

आणि एक. उद्या सकाळी सगळ्यांनी आपापलं बॉनेट उघडा. एअर फिल्टरच्या डब्यातून एक जाड नळी पुढे जाते. तिचं तोंड कुठे आहे बघा. कुठल्या गाडीत रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर असतं, कुठल्या गाडीत हेडलाइटच्या मागे खाली दडलेलं असतं. जमिनीपासून टेपने मोजा. गिऱ्हाइकांना विचारतो तर दहातल्या एकालाही माहीत नसतं, मायलेज मात्र दशांशापर्यंत पाठ.

---

सह्याद्री_चारबायचार | गुरुवार, सकाळी ७.५०

पुण्याहून लिहितोय. योग्य गाडी आणि योग्य तंत्र असेल तर पाणी ही काही एवढी भीतीची गोष्ट नाही. थारसाठी कंपनीच ६५० मिलिमीटर खोलीपर्यंत चालते असं सांगते. मी ओढ्यांतून कायम जातो. पहिला गिअर, फोर-लो (चारही चाकांना ताकद, कमी वेगाचा गिअर), एकसारखा वेग. गाडीच्या नाकापुढे छोटी लाट तयार होते आणि तिच्यामागे बॉनेटखाली पाणी उलट कमी राहतं. ती लाट धरून चालायचं, लाटेच्या पुढे जायचं नाही. थांबायचं नाही, गिअर बदलायचा नाही. वेग वाढवला की लाट बॉनेटवर चढते, अगदी थांबला तर लाट मोडते आणि पाणी इंजिनात परत भरतं.

---

मास्तरीणबाई | गुरुवार, सकाळी ८.३०

पुण्याचे ओढे असतील तसे, आमच्या नाल्यांचं वेगळं आहे हो. मी रोज ३८ किलोमीटर गाडी चालवत शाळेत जाते, वाटेत एक रपटा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रपटा म्हणजे कमी उंचीचा पूल, कठडे नसलेला, पूर आला की पाणी सरळ वरून जातं. तिकडे त्याला फरशी म्हणतात बहुतेक. दोन्ही बाजूंनी फक्त पांढरे रंगवलेले दगड.

पहिल्या वर्षी मुख्याध्यापकांनी मला एक शिकवलं होतं. त्यांनी मला गाडीतून उतरवून दगड मोजायला लावले. उजवीकडून तिसरा दगड बाकीच्यांपेक्षा वीतभर बुटका आहे. तो पूर्ण दिसला तरच गाडी पुढे. त्याचं डोकं बुडालं असेल तर शाळेत फोन करायचा, आज उशीर. अकरा वर्षांत असे उशीर बरेच झाले. रजा मात्र दोनदाच पडली, कारण लहान नाला जसा पटकन चढतो तसाच उतरतोही. वर पाऊस थांबला की तासा-दीड तासात बुटका दगड पुन्हा वर येतो. तेवढ्यात पेपर तपासून होतात.

आणि हो, रपट्यावर लख्ख ऊन असताना पाणी वाढलेलं मी पाहिलंय. पाऊस तिथे पडावाच लागत नाही, वर कुठे तरी पडला की पुरे.

---

सह्याद्री_चारबायचार | गुरुवार, सकाळी ९.१२

ताई, पटलं. पण ज्याला घाई आहे, दवाखान्यात जायचंय, त्याने काय करायचं?

---

निवृत्त_पाटबंधारे | गुरुवार, दुपारी १२.२०

पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं पाण्याचेच हिशेब केले, त्यामुळे राहवत नाही. ज्यांना आकडे आवडत नाहीत त्यांनी पुढच्या प्रतिसादावर जावं.

एक घनमीटर पाण्याचं वजन एक हजार किलो. छोट्या गाडीचा तळ साधारण साडेतीन मीटर लांब, दीड मीटर रुंद, म्हणजे सव्वापाच चौरस मीटर. तळाच्या वर पाणी एक सेंटिमीटर चढलं की पाणी गाडीला साधारण ५२ किलोने वर उचलतं. गाडी एका माणसासह ९०० किलो धरा. तळाच्या वर सतरा सेंटिमीटर पाणी झालं की गाडीचं सगळं वजन पाण्याने तोललं. तळ जमिनीपासून सतरा सेंटिमीटर. एकूण झालं चौतीस. म्हणजे सव्वा फुटाच्याही आत, तुमच्या गुडघ्याच्या खाली! आत पाणी शिरत गेलं तर गाडी पुन्हा टेकते हे खरं, पण आजकालच्या गाड्यांची रबरं चांगली, आधी तरंगते. त्यातही इंजिन पुढे असल्याने मागची बाजू आधी उचलते आणि प्रवाहासोबत फिरते. व्हिडिओंमध्ये गाडी आधी शेपटीने वळते ती यामुळेच.

आता प्रवाह. एक चौरस मीटर आडव्या भागावर सेकंदाला एक मीटर वेगाचं पाणी ढोबळमानाने ५० किलोचा जोर देतं. वेग दुप्पट केला की १०० नाही, २०० किलो. तिप्पट केला की ४५०. इकडे वजन तोललं गेल्यामुळे टायरची पकड संपलेली. मग चारही चाकांना ताकद मिळाली तरी ती चाकं टेकणार कशावर? सह्याद्रीसाहेब, ते ६५० मिलिमीटर साचलेल्या किंवा संथ पाण्यासाठी, तळ टणक असेल तेव्हा. वाहत्या पुरासाठी नाही.

वेग मोजायला यंत्र लागत नाही. काठावरून पाण्यात एक काडी टाकावी आणि तिच्या बरोबरीने चालून पाहावं. रमतगमत चाललात तर सेकंदाला मीटरभर. तिला गाठायला पळावं लागलं तर चाबी खिशात घालून परत फिरावं.

दवाखान्याचं विचारलंत. रपट्याचा सिमेंटचा थर वरून दिसत नाही, खालची माती मात्र पाणी बाजूने पोखरत नेतं. वर पाणी सपाट, शांत, आणि खाली रस्ताच नाही, असं मी दोनदा स्वतः पाहिलंय. दवाखान्याची घाई असेल तेव्हा तर लांबचा रस्ताच घ्यावा, कारण पोहोचणं जरुरी आहे.

---

तर्रीपोहे | गुरुवार, दुपारी १२.४१

काका, गणित डोक्यावरून गेलं पण काडी समजली. 🙏

२०२२ च्या जुलैत सावनेर तालुक्यात केळवदकडे नाल्याच्या पुलावरून गाडी वाहून गेली होती, तो व्हिडिओ आठवते का? मोठीच गाडी होती. काठावर लोकं उभे, कोणी काही करू नाही शकत. मी तो पुरा नाही पाहू शकलो.

---

धरमपेठी | गुरुवार, दुपारी ३.०५

गावाकडच्या रपट्यांचं ठीक आहे, पण शहरातलं विसरू नका. २३ सप्टेंबर २०२३, शनिवारची पहाट. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी घरांत शिरली. आम्ही शेजारीच राहतो. पहाटे आवाज कसला येतोय म्हणून बाल्कनीत आलो, तर खाली उभ्या गाड्या एकमेकींना हळूहळू टेकत होत्या. टप्, टप्. हॉर्न आपोआप वाजत होते, दिवे पाण्याखाली लागलेले.

सकाळी पाणी ओसरल्यावर कॉलनीतल्या तिघांनी लगेच गाडी सुरू करून पाहिली. कोणाच्या इंजिनाचं काय झालं असेल ते वर ऑइलचा_हात यांनी सांगितलंच आहे. माझी वाचली ती मी हुशार म्हणून नाही. चाबीच सापडत नव्हती.

(सिमेंटचे रस्ते उंच होत गेले आणि घरं खाली राहिली, त्यावर वेगळा धागा काढा, तिथे भरपूर लिहीन.)

---

ऑइलचा_हात | गुरुवार, रात्री ९.४५

धरमपेठी, चाबी हरवली ही देवाचीच कृपा.

उभी गाडी पाण्यात बुडाली असेल तर: सुरू करायची नाही. बॅटरीची मायनस वायर काढायची. ऑइलची पट्टी काढून बघायची, ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी मिसळलंय. गिअरबॉक्सचं ऑइल पण बघायचं, कारण गरम गिअरबॉक्स गार पाण्यात गेला की त्याच्या श्वासाच्या नळीतून पाणी आत ओढतो. टो करताना फ्लॅटबेड मागवायचा, निदान ज्या चाकांना इंजिनाची ताकद जाते ती उचलून न्यायची.

'रेस देत राहा, नाहीतर सायलेन्सरमधून पाणी जाईल', हे ऐकून ऐकून कान किटले. इंजिन चालू असताना धूर बाहेर पडतच असतो, पाणी सहसा उलटं चढत नाही. गाडी मरते ती पुढून, हवेच्या तोंडातून. लोक सायलेन्सरच्या भीतीने ॲक्सिलरेटर दाबतात, वेग वाढतो, लाट बॉनेटवर, आणि सगळं संपलं. अर्ध्या क्लचवर रेटणं ही जुनी शिकवण. क्लच ओला होऊन घसरतो आणि जळतो. पहिला गिअर, क्लचवरून पाय काढा, थोडीशी रेस, माणूस चालतो तेवढा वेग. एसी बंद, नाहीतर रेडिएटरचा पंखा पाण्यात फिरून पाती वाकतात. पुढची गाडी पूर्ण बाहेर पडल्याशिवाय आपली आत घालू नका. समोरून बस-ट्रक येत असेल तर थांबा, त्याला आधी येऊ द्या.

बाहेर आल्यावर ब्रेक ओले असतात. हळू चालवत दोन-चार वेळा हलकेच दाबा, सुकतात.

---

अनामिका_नागपूर | गुरुवार, रात्री १०.२०

विम्याचं मी सांगते, याच क्षेत्रात काम करते (कंपनी सांगणार नाही). साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत पुराने झालेलं नुकसान धरलेलं असतं. पण पाणी शिरून इंजिन आतून मोडलं तर ते 'परिणामी नुकसान' म्हणून सहसा बाहेर काढतात. त्यासाठी इंजिन प्रोटेक्टर नावाचं वेगळं ॲड-ऑन घ्यावं लागतं. ते घेतलं तरी सर्व्हेअर 'बंद पडल्यावर सेल्फ मारला का' हे विचारतोच. म्हणून बंद पडली की पाण्यातच गाडीचे फोटो काढा, पाण्याची पातळी दिसेल असे, मग कंपनीला फोन. नूतनीकरणाच्या वेळी एजंट ॲड-ऑन वाचून दाखवतो तेव्हा आपण फोनवर 'हो हो' म्हणत असतो. मी स्वतः पण.

---

मास्तरीणबाई | शुक्रवार, सकाळी ७.१०

गाडीतून बाहेर पडायचं कोणी लिहिलंच नाही. मेडिकल_चौक, तुमची मुलगी मागे बसली होती का? चाइल्ड लॉक लावलेलं होतं? मला तेच वाचून धडधडलं.

---

मेडिकल_चौक | शुक्रवार, सकाळी ७.३२

ताई, मागे होती आणि लॉक लावलेलं होतं. तुम्ही विचारेपर्यंत माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

---

निवृत्त_पाटबंधारे | शुक्रवार, सकाळी ९.००

मीटरभर रुंद दारावर बाहेरून अर्धा मीटर पाणी असलं की सुमारे १२५ किलोचा जोर होतो. दार उघडत नाही. म्हणून गाडी तरंगू लागली की पहिल्याच मिनिटात पट्टे सोडून खिडक्या खाली करायच्या, काचांच्या मोटारी थोडा वेळ तरी चालतात. मुलं आधी बाहेर, मग आपण, आणि गाडीच्या टपावर. काच फोडावी लागली तर बाजूची, तीही कोपऱ्यात, टोकदार वस्तूने. पुढच्या काचेत मधे प्लास्टिकचा थर असतो, ती तडकते पण पडत नाही. सीटच्या डोक्याच्या उशीचे लोखंडी दांडे कामाला येतात. ती उशी निघते कशी हे मात्र आज घरीच पाहून ठेवा, माझ्या सुनेच्या गाडीतली मला दहा मिनिटं निघाली नाही.

---

सह्याद्री_चारबायचार | शुक्रवार, सकाळी ११.१५

वरचा माझा प्रतिसाद परत वाचला. तंत्र बरोबर आहे, पण ते मी ज्या पाण्यात शिकलो तिथे आम्ही आधी कमरेला दोर बांधून चालत जाऊन तळ पाहायचो, सोबत दुसरी गाडी आणि विंच (अडकलेली गाडी दोराने ओढायचं यंत्र) असायची. हे लिहायचं राहिलं होतं. एकट्याने, कुटुंबासोबत, अनोळखी पाण्यात मीही घालणार नाही.

---

तर्रीपोहे | शुक्रवार, सकाळी ११.२२

शहरात चालत पाहाल तर काठी घेऊन पाहा बरं. गडरचं झाकण उघडं रायलं तर दिसत नाही. अन् अंडरब्रिजात मधोमध चला, कडेला नालीकडे जाऊ नका.

पुणेकर चुकलं म्हनते, हा धागा जपून ठेवा रे कोणी. 😄

---

मेडिकल_चौक | रविवार, रात्री ९.५०

पोळ्याहून आलो. (माझी गाडी अजून वर्कशॉपमध्येच, भावाची नेली.)

रात्रभर पाऊस होता. रपट्यापाशी पोहोचलो तर पाणी वरून जात होतं, फार नाही, गुळाच्या पाकाच्या रंगाचं. पलीकडे एक ट्रॅक्टर निघूनही गेला. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न दिला. मी उतरलो, तुरीचं एक वाळकं काटूक टाकलं आणि चालायला लागलो. चौथ्या पावलापासून पळावं लागलं. पुलाखालच्या बाजूला जाऊन ते एकदा गोल फिरलं आणि दिसेनासं झालं.

गाडी अलीकडच्या मारुतीच्या देवळापाशी लावली. सासरे पलीकडच्या काठावर येऊन उभे, हातात डबा. आम्ही समोरासमोर दिसतोय आणि फोनवर बोलतोय. ते म्हणे, "या ना जावई, काही नाही होत, आत्ताच ट्रॅक्टर गेला." बायकोने फोन हातातून घेतला आणि काय बोलली ते इथे लिहीत नाही. दुपारी दोन-सव्वादोनला नाला उतरला, रपट्याची एक कड खचलेली दिसली, दोन हात रुंद. जिथून ट्रॅक्टर गेला होता त्याच्या लगतच.

बैल पुजून झाले होते, पण पुरणपोळी ठेवली होती.

---

ऑइलचा_हात | रविवार, रात्री १०.०४

भावाच्या गाडीचं हवेचं तोंड मोजलं का?

---

मेडिकल_चौक | रविवार, रात्री १०.०९

५८ सेंटिमीटर. निघायच्या आधीच मोजलं. चाइल्ड लॉक पण काढलं होतं. टेप भावाच्या गाडीतच राहिली, तो विचारतोय ही कशाला.